गवताचा पूल, चार गावं आणि चुकलेला एक जून

२२ मार्च २०२१ रोजी दक्षिण पेरूमधला केस्वाचाका हा झुलता पूल तुटून आपुरिमाक नदीत कोसळला.

पूल गवताचा होता. लांबी सुमारे २८ मीटर, रुंदी जेमतेम सव्वा मीटर, जागा समुद्रसपाटीपासून साधारण ३,७०० मीटरवर. दर वर्षी जूनमध्ये आजूबाजूच्या चार गावांचे लोक जमतात, जुना पूल कापून नदीत सोडतात आणि त्याच दगडी टेकूंवर नवा विणतात. इन्का राज्याच्या काळापासून हे चालत आलंय. २०२० साली करोनामुळे पूल विणायला कोणी जमलं नाही आणि त्यानंतरच्या पावसाळ्याच्या शेवटी पूल पडला.

‘पाचशे वर्षांचा इन्का पूल कोसळला’ असा तेव्हाच्या बऱ्याच बातम्यांचा सूर होता. पडला तो पूल खरं तर जून २०१९ मध्ये विणलेला, म्हणजे एकवीस महिन्यांचा होता. हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय पुढचं काहीच उलगडत नाही. पाचशे वर्षं टिकलेली गोष्ट त्या दिवशी नदीत पडलीच नव्हती. ती केवे जिल्ह्यातल्या घरांमध्ये शाबूत होती आणि म्हणूनच तीन महिन्यांत, जून २०२१ मध्ये, नवा पूल उभा राहिला.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. या पुलाची दळणवळणासाठी गरज उरलेली नाही. थोड्याच अंतरावर पोलादी पूल आहे आणि त्यावरून गाड्या जातात. तरीही महामारीत होरपळलेल्या लोकांनी पहिली संधी मिळताच गवत कापलं, दोर वळले, चार दिवस कामधंदा बाजूला ठेवला. का? हे प्रकरण त्या प्रश्नाचं आहे आणि त्याचं उत्तर केवेच्या जमिनीत आणि माणसांच्या आपसातल्या देण्याघेण्यात सापडतं.

जागा

केवे हा पेरूच्या कुस्को विभागातल्या कानास प्रांताचा एक जिल्हा. ‘जिल्हा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वीस-पंचवीस लाखांची वस्ती येते; पेरूमध्ये जिल्हा म्हणजे सर्वांत लहान प्रशासकीय एकक. केवेची लोकसंख्या काही हजारच आहे. कुस्कोहून पुनोकडे जाणाऱ्या महामार्गावर कोम्बापाता लागतं. तिथून वळून चढत यानाओका, म्हणजे कानास प्रांताचं मुख्य गाव, मग केवे आणि त्यापुढे दरीच्या काठाने पूल.

प्रदेश उंच पठाराचा. चार हजार मीटरच्या आगेमागे पसरलेली माळरानं, मध्येच खडकाळ टेकड्या, आणि या पठाराला चिरत गेलेली आपुरिमाकची घळ. ही नदी आरेकिपाकडच्या मिस्मी शिखराच्या परिसरात उगम पावते आणि पुढे उकायालीला मिळून अमेझॉन होते. अमेझॉनच्या सर्वांत दूरच्या उगमांमध्ये तिची गणना होते. केवेपाशी ती अजून तरुण आहे. पात्र अरुंद, काठ उभे आणि पाणी वेगवान. पावसाळ्यात ती पायी ओलांडणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून पूल.

हवेचा दाब इथे समुद्रकिनाऱ्याच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असतो. झाडं विरळ. लाकूड कमी, म्हणून लाकडी पूल नाही. इन्कांना लोखंड माहीत नव्हतं आणि दगडी कमानही त्यांनी बांधली नाही. मुबलक होतं ते गवत. इचू नावाने ओळखली जाणारी डोंगरी गवतं या पठारावर मैलोन्‌मैल पसरलेली आहेत. त्यांतलं कोया नावाचं लांब, चिवट पात्यांचं गवत दोर वळायला वापरतात. अँडीजच्या दऱ्याखोऱ्यांतून तीस हजार किलोमीटरहून लांब रस्त्यांचं जाळं उभं करणाऱ्या राज्याने मोठ्या नद्या ओलांडायला घरांचं छप्पर शाकारायच्या या गवताचा आधार घेतला, हे मला आजही थक्क करतं. कुरावासीजवळ याच नदीवरचा एक पूल केस्वाचाकाहून कितीतरी मोठा होता आणि एकोणिसाव्या शतकातही त्यावरून खेचरांचे तांडे जात होते. तो आता नाही. मोठ्या पुलांच्या जागी पोलाद आलं, रस्ते बदलले आणि त्यांची देखभाल ज्या गावांकडे होती ती मोकळी झाली.

इथला पाऊस डिसेंबर ते मार्चमधला. जून म्हणजे कोरडा हिवाळा: दिवसा लख्ख ऊन, रात्री पाणी गोठवणारी थंडी. बटाटा, सातू, किनोआ, बाकला ही पिकं तोवर घरात आलेली असतात. याच दिवसांत चुन्यो करतात. छोटे बटाटे रात्रभर उघड्यावर गोठू द्यायचे, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचे, पुन्हा गोठवायचे. असे सुकलेले बटाटे वर्षानुवर्षं टिकतात. पुलाचं काम याच फटीत बसवलंय. कापणी झालेली, पेरणी दूर, नदी उतरलेली आणि गवत वाळलेलं. शेतीच्या दिनदर्शिकेत पुलासाठी याहून सोयीचा आठवडा शोधून सापडणार नाही.

माणसं

केवेतल्या बहुतेकांची मातृभाषा केचुआ. २०१७ च्या जनगणनेत पेरूमधल्या सुमारे ३८ लाख लोकांनी केचुआ ही आपली पहिली भाषा असल्याचं नोंदवलं. देशाच्या पातळीवर ते प्रमाण १४ टक्क्यांच्या आत आहे, पण कानाससारख्या प्रांतात केचुआ घरात, शेतात, ग्रामसभेत, सगळीकडे कानावर पडते. तिला १९७५ मध्ये पेरूची अधिकृत भाषा म्हणून मान्यता मिळाली. त्याआधीचा इतिहास कडवट आहे आणि तो याच प्रांतातून जातो. १७८० च्या नोव्हेंबरमध्ये तुंगासुकाचा कुराका, म्हणजे वंशपरंपरागत प्रमुख, होसे गाब्रिएल कोंदोर्कान्की याने जुलमी स्पॅनिश अधिकारी आंतोनियो दे आरियागा याला फाशी देऊन बंड पुकारलं. तुपाक आमारू दुसरा हे नाव त्याने घेतलं. तुंगासुका कानासमध्येच आहे. मे १७८१ मध्ये कुस्कोच्या चौकात त्याला हालहाल करून मारलं आणि शिक्षेच्या त्याच आदेशात इन्का पोशाख, इन्का काळाच्या आठवणी आणि केचुआ भाषा मोडून काढण्याची कलमं घातली. या पार्श्वभूमीवर केवेची माणसं दर वर्षी इन्कांच्या रीतीने पूल विणतात, तेव्हा त्यात एक शांत हट्ट आहे असं मला वाटतं.

पूल विणणारे चार समुदाय आहेत: उइंचिरी, चाउपीबांदा, चोकाय्वा आणि कोयाना केवे. कायद्याच्या भाषेत हे ‘शेतकरी समुदाय’. १९६९ च्या जमीनसुधारणेपासून ‘इंडियन समुदाय’ या जुन्या शब्दाऐवजी हा शब्द आला. अशा समुदायाकडे सामाईक जमीन असते, सभासदांची यादी असते, निवडलेले प्रमुख असतात. सभासद कुटुंबाला जमिनीवर आणि कुरणावर हक्क मिळतो आणि त्या बदल्यात सामुदायिक कामाला, म्हणजे फाएनाला, हजर राहावं लागतं. पाट दुरुस्ती, शाळेची भिंत, रस्त्याची डागडुजी अशी ती कामं. न आल्यास दंड. याच्या जोडीला घराघरांतली आयनी असते. आज तू माझ्या बटाट्याच्या वाफ्यांवर ये, उद्या मी तुझ्या. आपल्याकडची सावड ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही पद्धत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. अँडीजमध्ये मात्र ही सावड डोंगराशीही असते. आपू म्हणजे शिखरांचे देव आणि पाचामामा म्हणजे धरणी. त्यांना आधी काही दिल्याशिवाय त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही.

या लोकांविषयी लिहिताना सहकार्याचं गोडगोड चित्र रंगवण्याचा मोह होतो. त्यावर उतारा म्हणून चियाराखे सांगतो. दर वर्षी २० जानेवारीला कानासच्या उघड्या पठारावर एका बाजूने चेक्काचे आणि दुसऱ्या बाजूने केवे आणि लांगीचे लोक जमतात आणि गोफणींनी एकमेकांवर दगडांचा मारा करतात. घोडेस्वार असतात, चढाई-माघार असते, डोकी फुटतात. क्वचित कोणी मरतंही. दुपारी लढाई थांबते, दोन्ही बाजू आपापल्या टेकडीवर जेवतात, गाणी म्हणतात, नाचतात, आणि पुन्हा लढाईला उतरतात. सांडलेलं रक्त धरणीला पोचतं आणि वर्ष चांगलं जातं अशी श्रद्धा. यात जमिनीचा वाद नसतो, म्हणून कोणी कोणाची जमीन जिंकतही नाही.

मी हे इथे आणलं कारण जानेवारीतला दगड आणि जूनमधला दोर ही एकाच समाजाची दोन कामं आहेत. शेजारच्या गावाशी आपलं नातं काय, हे इथे बोलून दाखवत नाहीत. अंगमेहनतीने, ठरल्या दिवशी, ठरल्या जागी, सगळ्यांसमोर दाखवतात. कोण आलं, कोण नाही, हे सगळ्यांना दिसतं.

जूनचे दिवस

खरं काम जूनच्या आधीच सुरू होतं. प्रत्येक कुटुंबाने एक दोरी द्यायची असते. हीच केस्वा. लांबी साधारण चाळीस वाव, म्हणजे सत्तरएक मीटर.

कोया विळ्याने कापून वाळवतात. वाळलेलं गवत ठिसूळ असतं, म्हणून पेंडी दगडावर ठेवून गोल दगडाने ठेचतात आणि पाण्यात भिजवतात. मग ती वळायला बसतात. हे काम मुख्यतः बायकांचं, पण हातातलं काम संपलं की घरातलं कोणीही बसतं. थोडी पाती एका तळव्यात, थोडी दुसऱ्या तळव्याजवळ. दोन्ही पेडांना एका दिशेने पीळ द्यायचा आणि मग दोन्ही पेड एकमेकांवर उलट्या दिशेने वळायचे. पेड उलगडू पाहतो आणि ते उलगडणंच दोरीला आवळत नेतं. पातं संपत आलं की नवं पातं पोटात सरकवायचं, गाठ मारायची नाही. गाठीपाशी दोरी जाड होते आणि तिथेच तुटते. या पद्धतीत हातभर लांबीचं गवत सत्तर मीटरची अखंड दोरी होतं. एकट्या दोरीची ताकद फारशी नसते. तिचं बळ इतर दोऱ्यांबरोबर पिळली गेल्यावर येतं.

पहिल्या दिवशी पहाटे पाको, म्हणजे स्थानिक पुजारी, आपूंना आणि पाचामामाला नैवेद्य वाहतो. त्यात कोकाची पानं, मका, चरबी अशा वस्तू असतात. हा विधी काम चालू असेपर्यंत बाजूला सुरूच राहतो. कुटुंबं आपापल्या केस्वांची वेटोळी घेऊन येतात. प्रमुख माणसं दोरी तपासतात आणि यादीवर खूण करतात. पातळ किंवा सैल वळलेली दोरी लगेच ओळखू येते. मग पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, रस्त्याच्या लांबीने डझनावारी केस्वा पसरतात, पिळतात आणि त्यांचा जाड दोर होतो. असे तीन जाड दोर वेणीसारखे गुंफले की पुलाचा एक मुख्य दोर तयार. तो माणसाच्या मांडीएवढा जाड आणि उचलायला पंधरा-वीस जणांच्या खांद्यांना पुरून उरेल इतका जड. असे चार दोर तळाला लागतात. कठड्यांसाठी दोन, जरा कमी जाडीचे.

दुसऱ्या दिवशी दोर दरीपार नेतात. जुना पूल अजून जागेवर असतो आणि नव्याला पलीकडे न्यायला त्याचीच मदत होते. काम झालं की जुना कापून नदीत सोडतात. गवतच ते, पाण्याबरोबर वाहत जाऊन कुजतं. मग ओढाओढ. दोन्ही काठांवर माणसं दोरांना भिडतात, ओरडून ताल धरतात, इंचाइंचाने दोर ताणतात आणि दगडी टेकूंमागच्या आडव्या ओंडक्यांना गुंडाळून बांधतात. या वेळी चाकारुवाक, म्हणजे पूल विणणारा जाणता, काठावर उभा राहून फक्त बघत असतो. चारही दोरांचा झोळ एकसारखा यायला हवा. एक दोर किंचित सैल राहिला तरी पूल एका अंगाला कलंडेल. मापाची पट्टी नाही, पाणसळ नाही. डोळा आणि आवाज. त्याने ‘अजून’ म्हटलं की पुन्हा ओढायचं.

चाकारुवाकचं ज्ञान काही मोजक्या घराण्यांत चालत आलंय. त्यांतले उइंचिरीचे विक्तोरियानो आरिसापाना हे नाव पेरूबाहेरही पोचलं आहे. हे काम ते वडिलांकडून शिकले.

तिसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून एकेक चाकारुवाक दोरांवर घोड्यावर बसल्यासारखा पाय सोडून बसतो आणि कठड्याचा दोर तळाच्या दोरांशी बारीक दोरीने विणत पुढे सरकतो. खाली नदी. अंगावर पट्टा नाही की खाली जाळी नाही. मागून मदतनीस दोरीची वेटोळी पुढे सरकवत राहतात. दोघे मध्यावर भेटले की बाजू विणून झाल्या. मग तळाला काटक्या आणि गवताची चटई अंथरतात. संध्याकाळपर्यंत त्यावरून माणसं चालू लागतात. चौथ्या दिवशी नाच, गाणी, खाणंपिणं.

पूल बांधला जात असताना बायका पुलाजवळ जात नाहीत. त्यांनी जवळ जाणं अशुभ, अपघाताला आमंत्रण, असं मानतात. त्या वरच्या उतारावर बसून दोऱ्या वळत असतात. मला हा भाग पटत नाही. पुलातला प्रत्येक धागा त्यांच्या तळव्यांतून गेलेला असतो आणि फोटोंमध्ये मात्र दोरांवर बसलेला पुरुष दिसतो. परंपरेचं कौतुक करताना हे झाकून ठेवणं म्हणजे निम्म्या कामगारांना विसरणं.

२०२० आणि नंतर

मार्च २०२० च्या मध्यावर पेरूने आणीबाणी जाहीर करून कडक टाळेबंदी लावली. पुढच्या काही आठवड्यांत लिमातली रोजीरोटी बुडालेली हजारो माणसं पायी डोंगरांकडे निघाली. आपल्याकडे त्याच दिवसांत जे महामार्गांवर दिसलं, तेच तिथेही. अनेक डोंगरी समुदायांनी संसर्गाच्या भीतीने आपल्या वेशी बंद केल्या. पुढे लोकसंख्येच्या प्रमाणात करोनाचे सर्वाधिक बळी गेलेल्या देशांत पेरूचं नाव आलं. अशा वेळी चार गावांच्या शेकडो माणसांनी खांद्याला खांदा लावून दोर ओढणं शक्यच नव्हतं. जून गेला.

गवताच्या दोराला ऊन आणि पाणी दोन्ही खातात. उन्हाने पातं ठिसूळ होतं, पावसाने आतून कुजतं आणि वर्दळीने झिजतं. वर्षभराचं आयुष्य धरूनच दोरांची जाडी ठरलेली असते. २०१९ च्या पुलाने डिसेंबर २०१९ ते मार्च २०२० हा एक पावसाळा काढला, तो त्याच्या हिशेबातला होता. पुढचा पावसाळा हिशेबाबाहेरचा. तो संपता संपता दोर तुटले. यात गूढ काही नाही, कोणाची हयगयही नाही.

जून २०२१ मध्ये लोक पुन्हा जमले तेव्हा तोंडावर मास्क होते आणि एक अडचण नवी होती: नवे दोर पलीकडे न्यायला जुना पूल जागेवर नव्हता. तरी काम झालं. कोणी नकाशा काढला नाही, बाहेरून इंजिनीअर बोलावले नाहीत. दोरी कशी वळायची हे प्रत्येक घराला माहीत होतं, झोळ कसा साधायचा हे चाकारुवाकांना माहीत होतं. एका वर्षाच्या खंडाने ते विसरण्याइतका वेळच गेला नव्हता.

यातून मी काय वाचतो

पोलादी पूल पन्नास-साठ वर्षं टिकतो. तो कोसळायला येतो तेव्हा बांधणारे निवृत्त किंवा दिवंगत असतात आणि नव्याने बांधणारे कागदांवर विसंबतात. केस्वाचाका वर्षभर टिकतो, त्यामुळे माणसाच्या उमेदीच्या काळात तो तीस-चाळीस वेळा विणला जातो. पोरगा आधी दोरीची वेटोळी उचलतो, मग ओढणाऱ्यांच्या रांगेत शिरतो, मग जाणत्याच्या मागे बसतो. ज्याला आपण या पुलाचा कमकुवतपणा म्हणू, त्यामुळेच कौशल्य जिवंत राहिलं. हाच पूल तीस वर्षं टिकणाऱ्या नायलॉनच्या दोरांनी बांधला असता, तर केवेमध्ये तो विणणारं आज कोणी उरलं नसतं अशी माझी खात्री आहे.

दुसरं, या पुलाचं कौशल्य नेता येतं, पण बांधिलकी नेता येत नाही. २०१५ मध्ये वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन लोकजीवन महोत्सवात केवेच्या मंडळींनी गवताचा झुलता पूल विणून दाखवला. उत्तम झाला. पण तिथे दोरी न देणाऱ्या शेजाऱ्याला पुढच्या वर्षी कुरणावर भेटायचं नव्हतं. केवेमध्ये दोरी न देणारं घर वर्षभर त्या न दिलेल्या दोरीसह जगतं. २०२१ चा पूल तीन महिन्यांत उभा राहिला तो या हिशेबाच्या जोरावर.

आता काळजीच्या गोष्टी. पेरू सरकारने २००९ मध्ये या पुलाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा ठरवलं. २०१३ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पुढच्या वर्षी सहा देशांतून जाणारे इन्का रस्ते जागतिक वारसा झाले. पर्यटक वाढले आणि पैसा आला. यात वाईट काही नाही. ज्या गावात गोठलेल्या मातीतून वर्षभराचं अन्न काढावं लागतं, तिथे तिकिटाचा पैसा हलका मानू नये. पण पर्यटकाला जून महिन्यातला शनिवार-रविवार हवा असतो आणि पाकोला ठरलेली पहाट. यात कोणाचं चालतं, याकडे लक्ष ठेवायला हवं.

त्याहून मोठा प्रश्न तरुणांचा. सिकुआनी, कुस्को आणि आरेकिपा बोलावतात. शेजारच्या एस्पिनार प्रांतात तांब्याच्या मोठ्या खाणी आहेत. तिथे काम करणाऱ्या माणसाला चार दिवसांची सुट्टी मागावी लागते. तो दोरी विकत घेऊन पाठवू शकतो, दंडही भरू शकतो. पैसे देऊन सुटका झाली की यादीवर खूण होते, पण रांगेतला एक माणूस कमी होतो आणि त्याच्या मुलाला बापाच्या मागे वेटोळं घेऊन उभं राहायला मिळत नाही. कुरणाचंही तेच. कोया वाढायला मोकळं माळरान लागतं. गुरं वाढली, माळ जाळला, सामाईक जमीन तुकड्यांत वाटली, की लांब पात्यांचं गवत आधी संपतं.

युनेस्कोची नोंद नीट वाचली तर ती पुलाची नाहीच. पुलाच्या वार्षिक नवीकरणाशी जोडलेलं ज्ञान, कौशल्य आणि विधी यांची ती नोंद आहे. मग जपणुकीचा लेखाजोखाही त्याच गोष्टींचा व्हायला हवा. चार समुदायांतून किती घरांनी स्वतः वळलेली दोरी आणली, किती जणांनी विकतची. दोरांवर बसून विणणाऱ्यांच्या मागे विशीतले किती उभे होते. कोया कुठून आणि किती दूरून आणावी लागली. बायकांच्या श्रमाची नोंद यादीत कोणाच्या नावावर झाली. शाळेत पूल केचुआतून शिकवला जातो की फक्त स्पॅनिशमधल्या चित्रातून. दर जूनमध्ये हे पाच प्रश्न कोणी विचारले आणि त्यांची उत्तरं समुदायांच्याच वहीत राहिली, तर पुढचा धोका पूल पडायच्या कितीतरी आधी त्यांना दिसेल.